काट्यांचा भारा

खूप खूप वर्षांपूर्वी राजे घोड्यावरून राज्य बघत आणि त्यामुळे त्यांना जमीन नेहमी जरा लांबूनच दिसे. तेव्हाची ही गोष्ट आहे.

एका डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि गावाला लागून मोठा माळ होता. पावसाळ्यात त्या माळावर कमरेइतकं गवत वाढे. उन्हाळ्यात ते वाळून पिवळं पडे आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा उगवे. गावची सगळी गुरं या माळावर जगत. त्यांना चारायला नेणारी एक म्हातारी गुराखीण होती. घरटी रोज एक भाकरी हीच तिची मजुरी. ती कुणाची मिंधी नव्हती, आणि हे तिच्या जिभेवरूनही कळायचं.

एकदा ऐन चैत्रात राजाची स्वारी तिथून चालली होती. वाळलेला माळ पाहून राजाने नाक मुरडलं.

"काय हे टक्कल!" तो म्हणाला. "माझ्या राज्यात हिरवळ पाहिजे."

गवत मेलेलं नाही, नुसतं झोपलेलं आहे, हे त्याला कुणी सांगितलं नाही. सोबत शहाणी माणसं पुष्कळ होती, पण त्या दिवशी सगळ्यांच्या तोंडात विडा होता! राजाने दूरदेशाहून बारा महिने हिरवी राहणारी एक काटेरी बाभूळ मागवली. तिचं पहिलं रोप स्वतःच्या हाताने माळावर लावलं आणि हुकूम काढला, "या झाडाची फांदी जो तोडेल, त्याचा हात तोडला जाईल."

दरबारात त्या झाडाला राजवृक्ष म्हणत. गावात वेडी बाभूळ म्हणत, अर्थात हळू आवाजात.

वेडीच्या शेंगा गोड होत्या. गुरं त्या आवडीने खात आणि माळभर शेण टाकत हिंडत. शेणातलं बी पहिल्या पावसात रुजे. म्हणजे आपल्या चराईचा घास घेणारं झाड गुरं स्वतःच पेरत होती. बिचाऱ्या मुक्या जनावरांना काय दोष द्यायचा? दहा वर्षांत माळ दिसेनासा झाला. काट्यांच्या जाळीखाली गवताची काडी उगवेना. गाईंच्या कासेला ओरखडे पडले, दूध आटलं, वासरांच्या बरगड्या मोजता येऊ लागल्या.

राजवाड्याच्या गच्चीवरून मात्र सगळं हिरवंगार दिसे. राजा रोज सकाळी ते पाहून खूश होई.

आता त्या गावची एक जुनी रीत सांगायला हवी. दसऱ्याला माळावरच्या नव्या गवताचा पहिला भारा राजाच्या घोड्याला जाई, आणि तो न्यायचा मान गुराख्याचा. गवत संपलं तेव्हा गावच्या पाटलाने काय करावं? त्याने तीन गावं पलीकडून गवत आणवलं आणि आपलंच म्हणून राजाकडे धाडलं. पुढच्या वर्षी तेच. त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. पाच वर्षं राजाचा घोडा परगावचं गवत खात होता आणि राजा म्हणत होता, "पाहिलंत? झाडंही वाढली आणि गवतही वाढलं!"

त्या खोट्याचा भारा पाच वर्षं गुराखिणीनेच डोक्यावर वाहिला होता. खरं सांगायचं तर तीही भ्यायली होती.

सहाव्या वर्षी चारा पुरेना, तेव्हा गाव पारावर जमलं. दसरा झाला की सगळी गुरं बाजारात नेऊन विकायची, असं ठरलं. गुराखीण शेवटच्या पायरीवर बसून ऐकत होती. ती उठली.

"गुरं इकताय, पर राजाला खरं सांगत न्हाई," ती म्हणाली. "पाटील, यंदा तुमचं इकतचं गवत म्या नेणार न्हाई. माळावर जे उगावतं, त्याचाच भारा नेणार."

पाटील दचकला. "अगं, फांदी तोडलीस तर हात तोडतील तुझा!"

"तोडू द्या की. गुरंच गेली तर ह्या हाताला काम तरी काय ऱ्हाणार हाय?"

दसऱ्याच्या सकाळी तिने कोयता घेतला आणि भर उजेडात, गावासमोर, वेडीच्या फांद्या तोडल्या. शेंगांसकट त्यांचा भारा बांधला. डोक्यावर जाड चुंबळ ठेवली, तरी काटे कपाळाला लागलेच. रक्त पुसत ती राजवाड्यापर्यंत चालत गेली आणि तो भारा तिने राजाच्या लाडक्या घोड्यापुढे टाकला.

घोड्याशेजारी उभा असलेला राजा दोन पावलं पुढे आला.

"हे काय आणलंस?" राजा गरजला.

"माळावरचा पयला भारा, महाराज. रीत हाय. तुमच्या माळावर आता हेच उगावतं. मागली पाच वर्सं आमी तुमाला परगावचं गवत चारलं. ते लबाडीचं भारं म्याच आणलं. त्याची सजा द्या, म्या घेते. पर ह्या भाऱ्याची सजा घेणार न्हाई. ह्यो खरा हाय."

तेवढ्यात घोड्याने मान खाली घातली आणि एक शेंग चघळली. मग दुसरी. राजाला हसू फुटलं.

"बघ, माझा घोडा तर आवडीने खातोय! तुझंच तोंड कडू दिसतंय."

"लई चांगलं," गुराखीण म्हणाली. "मग त्याला आता ह्येच घाला. आमच्या गुरांना दुसरं काय मिळतंय? महिनाभर धडधाकट ऱ्हायला, तर दोनी हात तोडा."

राजा हट्टाला पेटला. शेंगांच्या पाट्याच्या पाट्या आल्या. म्हातारीला तबेल्यातच डांबलं आणि घोड्याची राखण तिच्यावरच सोपवली. तिचं काय होतं ते कळेपर्यंत गावाने गुरांचा बाजार लांबणीवर टाकला. पाचव्या दिवशी घोड्याचं पोट फुगलं. तो जमिनीवर लोळू लागला. तिने रात्रंदिवस त्याचं पोट चोळलं, त्याला फिरवलं, आणि वैद्याशी भांडून शेंगा बंद करवल्या. घोडा वाचला. हातांचा विषय मग कुणी काढला नाही, पण राजानेही हुकूम मागे घेतला नाही. चूक दिसणं वेगळं आणि कबूल करणं वेगळं. मोठ्या माणसांना दुसरं फार जड जातं.

राजाने जे कबूल केलं नाही, ते मागच्या दाराने आलं. रोजच्या रिवाजाप्रमाणे तबेल्याचं शेण राजाच्या बागेत टाकलं जाई. महिनाभरात मोगऱ्याच्या वाफ्यात वेडीचे कोंब उभे राहिले. माळ्याने ते छाटले. एकाच्या जागी चार फुटले. त्याने ते पुन्हा छाटले, तर काटे राणीच्या पायात गेले. राजवाड्यात असा हलकल्लोळ झाला की विचारू नका!

शेवटी राजा स्वतः तबेल्यात आला.

"म्हातारे, हे झाड मरतं कसं?"

"सांगते की. पर आधी हुकूम मागं घ्या."

"मी राजा आहे!"

"म्हून तर तुमाला सांगतेय. दुसऱ्या कुनाचा हुकूम असता, तर कवाच मोडला असता." ती जागची हलली नाही. "आनि महाराज, ज्या हातानं लावलं, त्यो हात पयला. पयली पहार तुमी मारायची. दुसरी आमच्या पाटलानं."

राजाने तिच्या कपाळावरचे ओरखड्यांचे वण पाहिले. मग त्याने हुकूम मागे घेतला आणि पहार मागवली.

माळावर सगळं गाव उभं होतं. राजाने आधी कुऱ्हाड घेऊन पहिलं झाड बुंध्याशी छाटलं. गुराखीण ओरडली, "वरनं न्हाई! वरनं कापलं की ती हसती. खाली खणा, बुडाची गाठ निघंस्तवर!" राजाच्या तळहाताला फोड आले तेव्हा कुठे ती गाठ वर आली. पाटलालाही घाम फुटला, आणि त्याला तो फुटायलाच हवा होता. मग गावाने पहारी धरल्या. शेंगा वेचून जाळल्या. शेंगा खाल्लेली गुरं आठ दिवस गोठ्यात बांधून ठेवली, म्हणजे बी पुन्हा माळावर जाणार नाही. बाजाराची वाट कुणीच धरली नाही. पुरी तीन वर्षं ते काम चाललं.

चौथ्या दसऱ्याला गुराखिणीने खऱ्या गवताचा भारा नेला. घोडा म्हातारा झाला होता. त्याने तो एका दमात संपवला.

पुढच्या चैत्रात राजाची स्वारी पुन्हा तिथून गेली. माळ वाळून पिवळा पडला होता. एक नवा सरदार नाक मुरडून म्हणाला, "महाराज, काय हे टक्कल!"

"घोड्यावरून उतर," राजा म्हणाला. "आणि गवत बाजूला सारून बुडाशी बघ. ते नुसतं झोपलंय."

तात्पर्य: सत्तेच्या भीतीने पोसलेलं खोटं वरवर छाटून मरत नाही, कुणाला तरी निडरपणे ते मुळापासून खणावं लागतं.