लीलाधरशेठच्या गाडीचा एसी

"तुम्ही चालवली की गाडी थंडगार, मी चालवली की भट्टी. मग दोष आहे तरी कुठे, वस्ताद?"

निंबा वस्ताद बशीतला चहा फुंकत राहिले...

त्यांचा शागीर्द गुणवंत पार घायकुतीला आला होता. भुसावळात गाडीचा एसी बिघडला की लोक वस्तादांकडे येत, आणि त्यांच्या हाताखाली शिकलेल्याने स्वतःचं गॅरेज टाकायचं तर आधी त्यांच्या हातून गेज घ्यायचा, अशी रीत होती. गेज म्हणजे दोन तबकड्या आणि खाली लोंबणाऱ्या नळ्या, गॅसचा दाब दाखवणारं साधं यंत्र. पण वस्तादांनी तो दिल्याशिवाय गावात कुणी त्या माणसापुढे बॉनेट उघडत नसे.

उद्या अक्षय्यतृतीया. गुणवंतने उद्याचाच मुहूर्त धरला होता. पाटीसुद्धा रंगवून आणली होती. तिच्यावर त्याच्या नावाआधी 'एसी सम्राट' असं लिहिलेलं होतं. वस्तादांनी पाटी पाहिली, रंग छान आहे म्हणाले, आणि लीलाधरशेठची गाडी त्याच्यापुढे उभी केली.

"हिचा दोष सांग. गेज घेऊन जा."

लीलाधरशेठ सावद्याचे केळीचे व्यापारी. गाडी सावद्याला पोहोचेपर्यंत आत केळी पिकतील, अशी त्यांची तक्रार.

गुणवंतने करायचं काही बाकी ठेवलं नाही. गॅस काढून पुन्हा भरला. कंडेन्सर धुतला. व्हॉल्व्ह बदलला, मग जुनाच बरा होता म्हणून तोच परत बसवला. शेडमध्ये गाडी उभी असली की आत हुडहुडी भरे. रस्त्यावर नेली की बनियन अंगाला चिकटे.

"व्हॉल्व्हच आहे, वस्ताद. हादरे बसले की अडकतो."

"असं?"

"एसीतलं मला कळत नाही असं आता काही राहिलेलं नाही."

वस्तादांनी बशी खाली ठेवली. "चल, फिरून येऊ."

स्टिअरिंगवर लीलाधरशेठ बसले. शेजारी गुणवंत, हवेच्या झरोक्यात थर्मामीटर खोचून. मागे वस्ताद, मांडीवर गेज घेऊन. गुणवंतची नजर पुन्हा पुन्हा त्या मांडीकडे जात होती.

गाव सुटेपर्यंत गाडी गारेगार होती. मग एका रेल्वे फाटकापाशी थांबावं लागलं. लीलाधरशेठनी डबी काढली, तंबाखू मळली, वर दोन थापा मारल्या आणि तळहात पुढे केला.

"घे भो."

समोर आलेल्या तळहाताला नाही म्हणायचं म्हणजे वैरच घ्यायचं. शिवाय गुणवंतला तल्लफ आलीच होती. दोघांनी बार भरला. वस्तादांनी मान हलवून नको म्हटलं.

फाटक उघडलं. शेठनी काच खाली केली, पिंक टाकली. थोड्या वेळाने गुणवंतने आपल्या बाजूची काच खाली केली, पिंक टाकली. मग पुन्हा शेठ. मग पुन्हा गुणवंत. बाहेर वैशाखातलं ऊन रटरटत होतं, आणि पुन्हापुन्हा कुठे काच वर करायची म्हणून दोघांनीही काचा खालीच राहू दिल्या.

थर्मामीटरचा पारा चढू लागला.

"बघा वस्ताद!" गुणवंतला हर्ष मावेना. "अडकला! व्हॉल्व्ह अडकला!"

वस्तादांच्या कपाळावरून घाम ओघळून मिशीत उतरला होता...

"काचा लावा," ते म्हणाले.

काचा वर गेल्या.

बोलण्यासारखी स्थिती दोघांचीही नव्हती. शेठचे गाल फुगले. गुणवंतचेही फुगले.

पारा उतरू लागला. आधी हळूहळू, मग भराभर. मागून वस्तादांनी समाधानाने श्वास सोडल्याचं ऐकू आलं.

गुणवंत थर्मामीटरकडे बघत राहिला. मग काचेकडे. मग शेठच्या गालांकडे... मग आरशात स्वतःच्या.

त्याचे कान लाल झाले. व्हॉल्व्ह काढणं आठवलं, घालणं आठवलं. शेडमध्ये वस्तादांसमोर आपण तोंडात काही ठेवत नाही, आणि गाडी रस्त्यावर काढली की आधी तंबाखूसाठी खिशात हात घालतो, हेही आठवलं. सम्राटाला धरणीने पोटात घ्यावं असं झालं.

मागून एक हात पुढे आला. हातात गेज होता.

"दोष कुठे आहे, सांग. हा तुझा."

गुणवंतला सगळं माहीत होतं. शब्द अगदी ओठांशी आले होते. पण ओठ उघडायची सोय नव्हती.

"म्ं... म्ं..." त्याने काचेकडे बोट केलं.

"खुणा नकोत. तोंडाने सांग."

गुणवंतचं बोट काचेच्या बटणाकडे सरकलं. वस्तादांनी ते हलकेच धरलं आणि बाजूला ठेवलं. गुणवंतने पाणावलेल्या डोळ्यांनी मागे पाहिलं. मग काय करू, असं त्या डोळ्यांत स्पष्ट लिहिलेलं होतं...

वस्ताद गार हवेत मागे रेलले. त्यांनी डोळे मिटले.

"आधी गिळ."