पाच मिनिटांची देवी

"...मग देवीच एवढी फिकट का, मास्तर?"

हेरंबनं विचारलं ते भिंतीवरच्या छापचित्राबद्दल. मनात मात्र प्रश्न दुसराच होता. मुंबईच्या एका गॅलरीनं त्याला बोलावलं होतं, कायमचं येऊन राहा म्हणून. तीन दिवस तो बाबालाल मास्तरांकडे निरोप मागत होता, आणि तीन दिवस मास्तर त्याला या चित्रासमोर बसवत होते.

चित्र तीनशे वर्षांपूर्वीचं, परमुलखातलं. मेण चढवलेल्या तांब्याच्या पत्र्यावर सुईनं रेघा ओढून, पत्रा अ‍ॅसिडमध्ये बुडवून छापलेलं. ग्रीकांची चंद्रदेवी ढगांवरून उतरतेय. खाली झाडाच्या बुंध्याशी तिचा लाडका मेंढपाळ, कधीच न मोडणाऱ्या झोपेत. बघता बघता बाहेरची दुपारही पेंगुळायची, मेंढ्यांचे संथ श्वास ऐकू आल्यासारखे वाटायचे...

पण मेंढपाळ काळाभोर, आणि देवी? नुसतं धुकं.

"चितारी मेंढपाळापाशीच दमला असणार," हेरंब म्हणाला. "मी देवी कशी ठसठशीत काढली असती."

"सुई एकच होती रे. जोरही तेवढाच."

"मग?"

मास्तरांनी सावकाश सांगितलं. अ‍ॅसिड रेघ खात जातं; रेघ जितकी खोल, तितकी छाप काळी. पत्रा पाच मिनिटं अ‍ॅसिडमध्ये ठेवायचा. बाहेर काढून देवीवर वॉर्निश फिरवायचं. झाकलेली रेघ अ‍ॅसिड पुढे खात नाही. मग पत्रा परत आत.

"देवी पाच मिनिटांत सुटली. मेंढपाळ तासभर आतच."



हेरंबचा धीर सुटला. तीन वर्षं झाली, तो म्हणाला. बोटं पोळली, कॉलेजातली पोरं नावारूपाला आली, आणि आपण अजून पत्रेच घासतोय. जग काय थांबणार आहे का कुणासाठी?

मास्तरांनी ऐकून घेतलं.

"जायचंय?"

"हो."

"आजच?"

"आजच."

मास्तर उठले. वॉर्निशच्या बाटलीत ब्रश बुडवला, काठावर निथळू दिला.

"हात पुढे कर."

हेरंबनं उजवा हात पुढे केला. ब्रश तळहाताच्या वर बोटभर अंतरावर येऊन थांबला. टोकाशी एक थेंब जमत होता...

हेरंबची बोटं आपोआप मिटली.

"घाबरतोस काय, बाळा?" मास्तर म्हणाले. "यानंतर काही दुखत नाही."