झिरपोलीच्या वाटेवर म्हातारे गप्प का चालतात

झिरपोलीची ही पायवाट सोपी आहे म्हणून तुम्ही चालायला आलात. उगाच जाडजूड बूट घालून आलात, पण असू द्या. वरच्या झऱ्यापासून खालच्या तळ्यापर्यंत वाट पाटाच्या काठाकाठाने जाते, आणि पाट पाण्याचा असल्यामुळे त्याला चढ माहीत नाही. ऐनाच्या आणि कुंभ्याच्या झाडांमधून, करवंदीच्या जाळ्यांना वळसे घालत, मध्येच ओढा ओलांडत ती इतकी निवांत उतरते की गुडघे दुखणारा माणूसही तळ्यावर पोचून विचारतो, एवढीच होती का? शहर आता इतकं जवळ आलंय की शेवटच्या वळणावरून इमारतींवरच्या पाण्याच्या टाक्या दिसतात. पण रानात शिरलं की शहर विसरायला होतं. खंड्या दिसतो, खेकडे दिसतात, आणि पाटातलं पाणी सोबत चालतं.

फक्त एक रीत पाळावी लागते. घोळक्यात जो वयाने सगळ्यांत मोठा, मग बाई असो की बाप्या, त्याने झऱ्यावर तोंडात पाणी भरून घ्यायचं आणि तळ्याच्या पायरीवर पोचल्यावरच ते सोडायचं. मध्ये गिळलं तर परत वर जाऊन भरून आणायचं. मागच्या रविवारी एक निवृत्त साहेब आले होते, ते दुपारपर्यंत वरखालीच करत होते. पाट कुठे चुकलाय ते त्यांना मुलाला सांगायचं होतं. तोंड उघडायचं म्हणून गिळायचे, सांगायचे, आणि परत चढायचे. मुलगा, सून, नातवंडं सगळी तळ्यावर डबे उघडून आरामात जेवत होती. सून मला म्हणाली, फार छान जागा आहे हो तुमची.

ही रीत का पडली, त्याची गोष्ट आहे. गावातली वडीलधारी मंडळी ती सांगताना आपली बाजू सांभाळून सांगतात. मी सांभाळणार नाही.

फार पूर्वी, म्हणे, खालचं तळं आटलं. तळ्याच्या बुडाशी जिवंत झरे होते, ते बंद झाले आणि नुसता चिखल राहिला. वरच्या रानात मात्र हा झरा बारमाही वाहत होता, पण त्याचं पाणी टेकाडाच्या पलीकडच्या अंगाला उतरून नदीत जात होतं. गावाकडे थेंब येत नव्हता. मग बायका हंडे घेऊन वर चढायच्या आणि भरलेले हंडे घेऊन उतरायच्या. तेव्हा ही वाट नव्हती. निसरडी घसरण होती, तिच्यावरून पाय सुटून एक बाई कायमची लंगडी झाली होती.

झऱ्यापासून तळ्यापर्यंत पाट खणावा, यावर सगळ्या गावाचं एकमत होतं. कुठून खणावा, यावर मात्र जितकी पांढरी डोकी तितकी मतं होती. धाकू पाटील म्हणायचा, माझ्या बांबूच्या बेटावरून न्या. पोशा भगत म्हणायचा, देवीच्या थानावरून न्या, नाहीतर कोप होईल. थान त्याच्या अंगणात होतं. बाकीच्यांची आपापली शेतं होतीच. पोरं सकाळी खणायला लागली की कोणीतरी म्हातारा काठी टेकत यायचा आणि म्हणायचा, "हितून नाय." पोरं खणलेलं तसंच सोडायची आणि दुसरीकडे खणायची. तिकडे दुसरा म्हातारा यायचा. रानात आजूबाजूला जे खड्डे दिसतात, ते रानडुकरांनी उकरले असं पाटीवर लिहिलंय. डुकरांची बदनामी आहे ती.

या धाकू पाटलाची सून येसू. नवरा लखमा कामाला वाघ, पण बापापुढे त्याची मान वर होत नसे. येसूला दिवस गेले होते आणि आता शेवटचा महिना होता. तरी हंडा सुटला नव्हता. तिने लखमाला विचारलं, "मी बाळंत झाल्यावर पाणी कोन आणंल?"

लखमा म्हणाला, "पाट होईल की तवर."

"कोन खणतंय?"

"आबांचं ठरतंय."

आबांचं दोन पावसाळे ठरत होतं. येसूला सरळ दिसत होतं की पाट झाला नाही तर बाळाची पाचवी व्हायच्या आतच ती हंडा घेऊन त्या घसरणीवर असणार, आणि एक दिवस तिचाही पाय सुटणार. पण सासऱ्यासमोर सुनेने तोंड उघडायचं नाही, हा त्या काळचा कायदा. डोक्यावर पदर, नजर खाली, आणि मामंजी म्हणतील ते बरोबर. त्या काळचा म्हणतोय मी. तुमच्याकडे काय चालतं ते तुम्ही बघा.

एका मंगळवारी पारावर म्हाताऱ्यांची रोजची बैठक भरली होती. येसू हंडा घेऊन शेजारून चालली होती. धाकू म्हणत होता, "घाईत काय होत नसतं. पुढल्या वर्षी बघू." हे ऐकून येसूने हंडा खाली ठेवला, म्हणे, केस मोकळे सोडले आणि घुमायला लागली. गावाचं म्हणणं, तिच्या अंगात झऱ्याची देवी झराई आली. मला विचाराल तर तिला राग आला होता. पण बाईला राग आला तर झिंज्या धरायची सोय होती आणि देवी आली तर पाया पडायची, त्यामुळे देवी आली हेच बरं झालं.

"धाकल्या," ती म्हणाली.

सून सासऱ्याला धाकल्या म्हणाली होती.

"मला तळ्यात जायचंय रं धाकल्या. किती वर्षं बसवून ठेवशील?"

धाकू हात जोडून उभा राहिला. पोशा भगत मात्र उठला. अंगात येणं हा त्याचा धंदा होता, आणि दुसरं कोणी दुकान काढलेलं त्याला परवडणारं नव्हतं. त्याने भंडारा मुठीत घेतला आणि दरडावून विचारलं, "कोन हाईस तू? कुठून आलीस? खूण सांग."

येसू घुमायची थांबली. तिने त्याच्याकडे नीट बघितलं. "पोशा," ती म्हणाली, "दर पुनवेला तुझ्या अंगात येती ती मीच का रं? का दुसरीच कोन येती?"

पोशाच्या हातातला भंडारा हातातच राहिला. तीच म्हणावं, तर तिचं ऐकावं लागणार. दुसरीच म्हणावं, तर इतकी वर्षं कोंबडी कोणाच्या नावाने खाल्ली, ते गाव विचारणार. त्याने थोडा विचार केला आणि मोठ्याने हाळी दिली, "आईच हाय रं. पाया पडा सगळी." असं म्हणून तो पहिला पडला.

मग देवीने हुकूम सांगितला. मी आपल्या पायांनी जाणार नाही. गावात जेवढे जाणते, तेवढ्यांनी मला तोंडात घेऊन तळ्यापर्यंत न्यायचं. झऱ्यावर भरायचं, तळ्यात सोडायचं, परत वर जायचं. दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत, आणि पाट पुरा होईपर्यंत रोज. मध्ये जो गिळेल त्याने मागे फिरून परत भरायचं. भरल्या तोंडाने जो बोलेल, त्याच्या तोंडून मी सांडले असं मी धरीन, आणि मग झऱ्याचंही पाणी विसरा.

दुसऱ्या दिवसापासून झिरपोलीच्या रानात जो देखावा सुरू झाला, तो बघायला शेजारच्या गावांतून लोक भाकऱ्या बांधून येत, असं सांगतात. गाल फुगवलेले म्हातारे ओळीने उतरताहेत आणि रिकाम्या तोंडाने धापा टाकत चढताहेत. चढताना बोलायला मुभा होती, पण चढावर दम कोणाला असतो? आणि रात्री भाकरी संपायच्या आधीच डोळे मिटायचे.

इकडे पोरांची पंचाईत झाली. जन्मभर त्यांना कोणीतरी सांगत आलं होतं. आता सांगणारं कोणी नाही. लखमा कुदळ घेऊन झऱ्यापाशी नुसताच उभा राहिला. शेवटी त्याने थोडं उकरलं आणि पाणी कुठे जातंय ते बघितलं. जिकडे गेलं तिकडे आणखी थोडं उकरलं. पाणी अडलं की अडथळ्याला बगल दिली, फार धावायला लागलं की वळण दिलं. पाट असा नागमोडी आहे तो त्यामुळे. त्याच्या काठाने पोरं ये-जा करत होती, तीच पुढे ही वाट झाली.

म्हाताऱ्यांचा जीव तुटत होता. पाट भलतीकडेच चाललेला डोळ्यांना दिसत होता आणि तोंडात देवी होती. धाकू पाटील हातवारे करायचा, काठी आपटायचा, बांबूच्या बेटाकडे बोट दाखवायचा. पोरं कुदळ थांबवून आदराने बघायची. एकजण म्हणायचा, "आबा म्हनत्यात, झ्याक चाललंय." दुसरा म्हणायचा, "शाबासकी देत्यात." आणि बेटाकडे पाठ करून पुन्हा खणायला लागायची. पोशा भगत सगळ्यांत शहाणा. तो तोंड भरायचा आणि वाटेतल्या जांभळीखाली झोपायचा.

असं करत पाट गावाच्या वर येऊन ठेपला. खालचं तळं दिसायला लागलं. तिथे एक कातळ आडवा होता. एका अंगाने गेलं तर पाणी धाकूच्या बेटावरून जाणार होतं, दुसऱ्या अंगाने गेलं तर थेट तळ्यात. बेटाकडून न्यायचं तर कातळ फोडावा लागणार आणि पावसाळ्यापर्यंत काम लांबणार. धाकू तोंड भरून तिथे येऊन उभा राहिला. एक शब्द बोलला असता तर कुदळी थांबल्या असत्या. देवीचा धाक असला तरी पाटलाचा जुना धाक पोरांच्या हाडात होता. लखमाने बापाकडे बघितलं आणि कुदळ खाली टेकली.

तेवढ्यात वरून येसू उतरली. डोक्यावर हंडा, कपाळावर घाम. तिच्या कळा सकाळीच सुरू झाल्या होत्या, पण घरात पाणी नव्हतं. ती सासऱ्यासमोर थांबली, हंडा लखमाकडे दिला आणि कमरेला हात लावून जमिनीवर बसली. आज देवी नव्हती. डोक्यावर पदर होता. नजर खाली ठेवून ती म्हणाली, "मामंजी, कुठून न्यायचा ते सांगा. पन लवकर सांगा."

धाकू तिच्याकडे बघत राहिला. बेटाकडे बघितलं. पुन्हा तिच्याकडे बघितलं. मग त्याने घोट गिळला. सगळ्यांना वाटलं, आता बोलणार. तो बोलला नाही. मागे वळला आणि परत भरून आणायला झऱ्याकडे चढायला लागला.

गावातले म्हातारे इथे थांबून डोळे पुसतात आणि म्हणतात, बघा, केवढं मोठं मन. मला वाटतं, ठसका लागला असेल. पण वर जायला त्याला कोणी ढकललं नव्हतं, हे मीही मान्य करतो.

बायकांनी येसूला घरी नेलं, पोरांनी तळ्याच्या अंगाने पाट पुरा केला आणि झऱ्यापाशी पाणी अडवून ठेवलेला बांध फोडला. धाकू झऱ्यावरून तोंड भरून निघाला तेव्हा त्याच्या शेजारून पाटात पाणी निघालं. दोघं बरोबरच उतरले, म्हणे, पाणी जरासं पुढे आणि म्हातारा मागे. तळ्यावर सगळा गाव जमला होता. पाणी चिखलात शिरलं, आणि धाकूने पायरीवर उभं राहून आपल्या तोंडातलं त्यात सोडलं. त्याच वेळी पाटलाच्या घरातून बाळाच्या रडण्याचा आवाज आला. मुलगी झाली होती. लोक धाकूकडे बघत होते. इतक्या दिवसांनी पाटील मोकळ्या तोंडाने काय बोलतोय?

धाकू म्हणाला, "पाट वाकडा झालाय."

सगळे पाणी बघत होते.

महिन्याभराने येसू बाळाला घेऊन तळ्याची पूजा करायला आली. तळं पायरीपर्यंत भरलं होतं. धाकू तिथेच बसला होता आणि पोरांना सांगत होता, कातळ फोडायला हवा होता, बेटावरून न्यायला हवा होता, आमच्या बापाने असा पाट कधी काढला नसता. येसूने बाळ लखमाच्या हातात दिलं. तांब्या तळ्यात बुडवून भरला. सासऱ्यासमोर आली आणि दोन्ही हातांनी तांब्या पुढे धरला.

"घ्या, मामंजी."

तिचे केस बांधलेले होते आणि ती घुमत नव्हती. धाकूने इकडेतिकडे बघितलं. पोशा भगताकडे बघितलं, तर तो आभाळाकडे बघत होता. मग धाकूने तांब्या घेतला, तोंड भरलं, आणि पूजा संपेपर्यंत गाल फुगवून बसून राहिला. एवढी शांत पूजा त्या गावात आधी झाली नव्हती, असं सांगतात.

आजही झिरपोलीत मांडव घालायचा असो, विहीर उपसायची असो की पोरीचं शिक्षण ठरवायचं असो, कोणी वडीलधारा सांगायला लागला की घरातली सून तांब्या भरून आणते आणि समोर धरते. तो घ्यावाच लागतो. त्यासाठी तिच्या अंगात यावं लागत नाही.