भूमिपूजनाचं आमंत्रण

अधिवेशनाचा शेवटचा दिवस होता. मंत्र्यांच्या बंगल्यांपुढच्या कारंज्यांना निधी मिळाला आणि आमदार हौसाबाई गभालेंच्या गावच्या ओढ्यावरचा पूल अर्थसंकल्पातून पुन्हा गळाला. गेल्या पावसाळ्यात त्याच ओढ्यात एक पोटुशी बाई वाहून गेली होती. हौसाबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"ताई, रागावू नका," अर्थमंत्री धैर्यशीलराव हसत म्हणाले, "पैशांचं पुढच्या वर्षी बघू. भूमिपूजनाला मात्र मी याच महिन्यात येतो."

"जरूर या, साहेब!" हौसाबाई कडाडल्या. "येताना नावाची कोनशिला चांगली लांबरुंद आणा. आधीच्या चार मंत्र्यांनीही नुसतं भूमिपूजनच केलं. त्यांच्या कोनशिला आम्ही ओढ्यात टाकल्यात, त्यांच्यावर पाय देऊन पोरं शाळेत जातात. तुमची पडली, की पलीकडचा काठ लागेल!"