हरिणीच्या पाडसाचे गाणे

मुलांनो, डोंगरउतारावरच्या एका रानात एक दयाळ पक्षी राहत असे. अंगाने चिमणीहून थोडासाच मोठा, पण गाणी रचण्यात त्याच्या तोडीचे कोणी नव्हते. कोणाच्या घरट्यात पिल्ले आली किंवा कोणी रान सोडून निघाले, की सगळे गाण्यासाठी त्याच्याकडेच येत.

एके दिवशी एक हरिणी त्याच्या झाडाखाली येऊन उभी राहिली. तिचे पाडस बिबट्याने नेले होते. तेव्हापासून तिने चारा सोडला होता, कळपात ती कोणाशी बोलत नव्हती. ती म्हणाली, "त्याच्यावर एक गाणं कर. फार लहान होतं रे ते. कळपाला त्याची धड ओळखही झाली नव्हती."

दयाळाने होकार दिला, पण त्याला काही सुचेना. एवढ्या मोठ्या दुःखाला तेवढेच मोठे काहीतरी हवे, असे वाटून तो उंच कड्यावर गेला. दरीत उतरणारे ढग त्याने पाहिले, मावळतीचे रंग पाहिले, धबधब्याजवळ बसून राहिला. तिथे भेटलेल्या मोराने त्याला सल्ला दिला, की गाण्यात चंद्र, तारे, आकाश असे भारदस्त शब्द घाल, म्हणजे ऐकणारे माना डोलावतील. दयाळाने तसे करून पाहिले. गाणे देखणे झाले, पण ते कोणत्याही पाडसाचे म्हणून चालले असते. ते तिथेच टाकून तो परतला.

हरिणी करवंदीच्या जाळीपाशी बसली होती. पाडस झोपायचे तिथले गवत अजून दबलेले होते, आणि त्यावर ती स्वतःचाही पाय पडू देत नव्हती. दयाळ खालच्या फांदीवर उतरला. गाणे जमले नाही, हे त्याने खालमानेने सांगितले. मग विचारले, "कसं होतं ते? मला सांगशील?"

हरिणी त्याच्याकडे पाहतच राहिली. सगळे येऊन तिचे सांत्वन करून गेले होते; हे मात्र कोणी विचारले नव्हते. आधी अडखळत, मग भरभरून ती बोलू लागली. ओले गवत नाकाला लागले की ते शिंकायचे. स्वतःच्या सावलीला घाबरून आईच्या पोटाखाली शिरायचे. ओढ्यावर गेले की आधी मासे पुढे जाऊ द्यायचे, आणि मगच पाण्याला तोंड लावायचे. दयाळ मान कलती करून एकेक शब्द ऐकत होता.

तिचे बोलून झाल्यावर तो तिथेच गाऊ लागला. त्याने ती शिंक गायली, ती सावली गायली, माशांसाठी थांबलेले ते तहानलेले पाडस गायले. शिंकेच्या ओळीला हरिणी हसली, आणि हसता हसता तिला रडू फुटले. गाणे ऐकून कळपातली हरणे एकेक करून जवळ आली. त्यांतली एक म्हातारी हरिणी तिला टेकून बसली आणि म्हणाली, "आणखी सांग ना त्याचं."

आणि ती सांगू लागली.

तात्पर्य : कविता सुचत नसेल, तर ज्याच्यासाठी ती लिहायची त्याच्याजवळ जाऊन बसावे, आपुलकीने विचारावे आणि नीट ऐकावे.