ठकूबाईचा वकील

तटनगरच्या वेशीत शिरायला परवाना लागे, आणि परवाना काढणं म्हणजे वाघिणीचं दूध काढणं! राजा भुजंगरावाचा हुकूमच तसा. परक्यानं स्वतःची रदबदली स्वतः करायची नाही. त्याच्या वतीनं शहरातल्या माणसानं बोलायचं. आणि शहरातल्या माणसानं परक्याला भेटायला वेशीपाशी फिरकायचं नाही! मग बोलणारा आणायचा कुठून? शिकलेले तुम्ही, मला काय विचारता!

ठकूबाई डोक्यावर पाटी घेऊन वेशीबाहेर ताटकळली होती. आत तिची लेक आवडी दिवस भरून बसलेली. पहिलटकरीण पोर, घरात ना सासू ना जाऊ!

वडाखाली रावजी नावाचे एक गृहस्थ पागोटं सावरून बसले होते.

"परवाना ना? काढून देतो, मावशी. आपल्या लई ओळखी!" म्हणत त्यांनी पाटीतले दोन डिंकाचे लाडू उडवले.

"तुम्ही शहरातले का हो?"

"छे छे! मीही परवान्यालाच आलोय. आलो तेव्हा हा वड रोपटं होता!"

ठकूबाईनं कपाळावर हात मारला आणि तडक वेशीवरच्या कारकुनापुढं जाऊन उभी राहिली. वेशीच्या वर, सज्जात राजे पान चघळत बसले होते. लोकांची फजिती बघायची त्यांना भारी हौस!

"नवऱ्याचं नाव?" कारकुनानं विचारलं.

ठकूबाईनं पदर पुढं ओढला. "अगं बाई! बाईमाणूस नवऱ्याचं नाव घेतं होय? शेतात नांगराला आडवं येतं बघा, ते."

"ढेकूळ?"

"ढेकूळ तुमचा बा! रागावला की माणूस जे उचलून हाणतो, ते."

"वहाण?"

राजांना राहवेना. "अरे बैला, धोंडा! धोंडीबा लिही!"

"बरं. कशाला आलीस?"

"इश्श! चारचौघांत कसं सांगू? बघा की पाटीत."

पाटीत लाडू, बाळंतशेपा आणि एक इवलंसं टोपडं.

"लाडू विकायला?"

राजे कठड्यावर ओणवे झाले. "डोळे फुटले काय रे तुझे! लेकीच्या बाळंतपणाला आलीय ती! अशा वेळी आई नाही जाणार तर कोण, तू?"

"लिहिलं, महाराज. पण हिच्या वतीनं बोलणारा शहरातला माणूस कुठाय?"

ठकूबाईनं बोट वर केलं. "मघापासून बोलतायत ते कोण? का आमचे महाराज या शहरातले नव्हेत?"

राजांचं पान गालातच राहिलं. मग ते गुरगुरले, "म्हणजे परक्याला भेटायला वेशीवर येऊन मीच माझा हुकूम मोडला म्हण की!"

"छे, महाराज! तुम्ही भेटायला कुठं आलात? तुम्ही तर गंमत बघायला आलात!"

राजे असे खदखदून हसले, की पानाची पिंक थेट कारकुनाच्या पागोट्यावर! परवान्यावर शिक्का बसला. वर नातवंडासाठी चांदीची वाटी मिळाली.

"आणि ठकूबाई, यापुढं परक्यांच्या वतीनं वेशीवर तूच बोलायचं!"

"बोलेन की! पण सव्वा महिन्यानं, बाळंतीण उठल्यावर. तोवर त्या रावजीला तेवढं आत घ्या, महाराज. बाहेर ठेवलात तर एका बाळंतिणीला लाडू उरायचा नाही!"