अकरा हिरवे ठिपके

एकदा एका धरणावर, ऐन वैशाखातल्या दुपारी, जागेवर नसलेल्या यंत्राने हाकेला ओ दिली. ऐकणाऱ्यांना ही थाप वाटते. वाटू द्यावी. थापेला निदान कुणी मारणारा लागतो. इथे तोही दिसत नव्हता.

धरणाखाली नदीकाठाने अकरा गावं, आणि प्रत्येक गावात एक भोंगा. धरणाची दारं उघडण्याआधी नियंत्रण कक्षातून संदेश निघायचा, टेकडीवरच्या राउटरपाशी पोचायचा, आणि तो राउटर ज्याची वाट त्याला दाखवून पुढे धाडायचा. भोंगा वाजला की पात्रात कलिंगडाचे वाफे राखणारी माणसं मुलाबाळांसह काठावर चढायची. ही सारी जोडणी विभावरीने केली होती. तिला ही विद्या शिकवणारे नाना सत्तरी ओलांडलेले, बोलायला काटकसरी.

"उद्या दहाला पाणी सोडतायत, नाना," ती म्हणाली. "अकराही हिरवे आहेत."

पडद्यावर प्रत्येक भोंग्याचा एक ठिपका होता, आणि गेले वीस दिवस अकराही हिरवेच होते. नाना सकाळपासून कुठे गेले होते कुणास ठाऊक. चपलांना ओली वाळू, हातात एक जड पिशवी. ती त्यांनी टेबलावर ठेवली.

"सातव्याला हाक मार."

तिने कळ दाबली. पडद्यावर उमटलं, 'पोचलं.'

"पुन्हा."

'पोचलं.'

"परीक्षा घेताय का, नाना? मी पास होऊन आठ वर्षं झाली."

"बघू," म्हणत नानांनी पिशवी उघडली.

आत सातव्या भोंग्याचं यंत्र होतं. पेटीवर तिच्याच हाताने रंगवलेला सात, वायरी मोकळ्या लोंबत होत्या, दिवा एकही नव्हता. विभावरीने एक तळहात त्या पत्र्यावर ठेवला आणि दुसऱ्या हाताने पुन्हा हाक दिली. पत्रा निपचित. पडदा म्हणाला, 'पोचलं.'

नानांनी पडद्याकडे बोट केलं.

"आता चाळिसाव्या गावाला."

"चाळिसावं गावच नाहीये, नाना."

"ठाऊक आहे. मार हाक."

तिने कळ दाबली. नसलेल्या गावातून, नसलेल्या भोंग्याचं उत्तर आलं, तेही तत्परतेने: 'पोचलं.' भर उन्हाळ्यात तिच्या दंडांवर काटा उभा राहिला.

"कोण बोलतंय हे?" तिने हलकेच विचारलं.

"तू ज्याला बोलायला शिकवलंस, तो."

मग तिला आठवलं. टेकडीवर वारा सुटला की गावांची उत्तरं उशिरा यायची, ठिपके लाल व्हायचे, आणि पाठोपाठ साहेबांचा फोन. त्या फोनाला कंटाळून तिने राउटरला आज्ञा लिहून दिली होती: पुढून उत्तर यायला वेळ लागला, तर त्यांच्या वतीने तूच 'पोचलं' म्हण.

"राउटरचा धर्म दोन वाक्यांचा असतो, बाई," नाना म्हणाले. "वाट ठाऊक असेल तर पुढे धाडणं, आणि पोचवता आलं नाही तर तसं मागे कळवणं. दुसरं वाक्य तू त्याच्याकडून काढून घेतलंस. मग बिचाऱ्याने मेलेल्यांची उत्तरं जिवंतांच्या आवाजात दिली. लाल ठिपक्याचं भय मला समजतं, मलाही साहेब होते. पण टेकडीवर वारा असताना वीस दिवस एकही ठिपका लाल होत नाही, हे बघून मला जे भय वाटलं, ते आधी तुला वाटायला हवं होतं."

 विभावरीने ती आज्ञा पुसली आणि पडद्याकडे पाहिलं. सातवा लाल झाला. तो होणारच होता. मग तिसरा. मग पाचवा. किंचित थांबून दहावा.

"नाना, आणखी कोणकोणते काढून आणलेत?"

"मी एकच आणला."

 आपण होऊन विभावरीने फोन उचलला. "साहेब, उद्या दारं उघडायची नाहीत. चार गावांना ऐकू जाणार नाही."

"काल तर सगळं ठीक होतं. कधीपासून बंद आहेत?"

"माहीत नाही, साहेब," विभावरी म्हणाली.  नानांनी मान डोलावली आणि ते पेटी पुन्हा पिशवीत भरू लागले.

ज्याला 'नाही' म्हणायची मुभा नाही, त्याच्या 'हो'च्या भरवशावर कुणी नदीच्या पात्रात झोपू नये.